बोधनिक मानसशास्त्रातील परिषदा, पुरस्कार आणि सदस्यत्व : नव्या संशोधकासाठी मार्गदर्शन

बोधनिक मानसशास्त्र म्हणजे अवधान, स्मरण, भाषा, तर्क आणि निर्णय या मानसिक प्रक्रियांचा प्रयोगांच्या आधारे अभ्यास करणारी मानसशास्त्राची शाखा. या शाखेत पीएच.डी. करणाऱ्या किंवा नुकत्याच अध्यापनात शिरलेल्या संशोधकाला परिषदा, पुरस्कार आणि संस्थांचे सदस्यत्व यांविषयीची माहिती बहुधा तुकड्यातुकड्यांनी, कधी मार्गदर्शकाच्या बोलण्यातून, कधी विभागातील सूचनाफलकावरून आणि बऱ्याचदा अर्जाची मुदत टळून गेल्यावर मिळते. त्यातही नजर आधी जाते ती मोठ्या पुरस्कारांकडे. प्रत्यक्षात विद्यार्थी-सदस्यत्व, दोन-अडीचशे शब्दांचा एक नेटका गोषवारा, एखादी प्रवासवृत्ती, कार्यशाळेतील जागा या लहान संधीच कामाला वळण देतात, आणि पुढे ज्या नावांचा पुरस्कारांसाठी विचार होतो ती नावे बहुधा याच वाटेने इतरांच्या ओळखीची झालेली असतात.

महाराष्ट्रातील मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ‘मॉर्गन आणि किंग’ हे पाठ्यपुस्तक ठाऊक असते. त्यातील क्लिफर्ड मॉर्गन हे या क्षेत्रातील एका प्रमुख संस्थेच्या, सायकोनॉमिक सोसायटीच्या, संस्थापकांपैकी होते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या संमेलनांत प्रायोगिक संशोधनाला मिळणारी जागा आक्रसत चालली आहे, अशी भावना झालेल्या प्रयोगकर्त्यांनी 1959 मध्ये ही संस्था स्थापन केली, आणि मॉर्गन यांनी स्वतःच्या खटपटीने सुरू केलेली नियतकालिके पुढे संस्थेच्या हवाली केली. ‘मेमरी अँड कॉग्निशन’, ‘सायकोनॉमिक बुलेटिन अँड रिव्ह्यू’, ‘बिहेवियर रिसर्च मेथड्स’ ही तिची नियतकालिके आज या शाखेत प्रमाण मानली जातात. संस्थेची वार्षिक परिषद नोव्हेंबरमध्ये, बहुतेक वेळा उत्तर अमेरिकेतील एखाद्या शहरात भरते. तिच्यासाठी पूर्ण निबंध लागत नाही, गोषवारा पुरतो, आणि तो परिषदेच्या कित्येक महिने आधी पाठवावा लागतो. संस्थेच्या पुरस्कारांत प्रारंभिक आणि मध्य कारकिर्दीतील संशोधकांसाठी वेगवेगळे सन्मान आहेत, नियतकालिकांतील उत्तम लेखांसाठी मॉर्गन यांच्या नावाचा पुरस्कार आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी परिषदेला येण्याकरिता मदतही आहे. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याने या शेवटच्या बाबीपासून सुरुवात करावी.

दुसरी मोठी संस्था म्हणजे कॉग्निटिव्ह सायन्स सोसायटी. मानसशास्त्र, भाषाविज्ञान, संगणकशास्त्र, तत्त्वज्ञान, मानवशास्त्र आणि मेंदूविज्ञान यांच्या सीमारेषेवरील संशोधन, ज्याला बोधविज्ञान म्हणतात, ते तिचे क्षेत्र. तिची पहिली परिषद 1979 मध्ये कॅलिफोर्नियातील ला होया येथे झाली. आता परिषदेचे ठिकाण खंडाखंडांत फिरते : 2023 मध्ये सिडनी, 2024 मध्ये रॉटरडॅम, 2025 मध्ये सॅन फ्रान्सिस्को. येथील रीत सायकोनॉमिक सोसायटीहून वेगळी आहे. संशोधकाला सहा पानांचा पूर्ण निबंध पाठवता येतो, तो परीक्षकांकडून तपासला जातो आणि स्वीकारल्यास परिषदेच्या इतिवृत्तात, म्हणजे निबंधांच्या अधिकृत संग्रहात, प्रसिद्ध होतो. निबंध हिवाळ्याच्या अखेरीस मागवले जातात आणि परिषद जुलै-ऑगस्टच्या सुमारास भरते. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत विदा, म्हणजे डेटा, गोळा करून झाली नसेल, तर त्या वर्षीची संधी जवळपास गेली असे समजावे. पूर्ण निबंधाची तयारी नसल्यास केवळ गोषवारा देऊन पोस्टर मांडण्याची सोय असते, आणि पहिल्या खेपेला ती पुष्कळ झाली.

या संस्थेचा रुमेलहार्ट पुरस्कार हा या विषयातील सर्वांत मानाच्या पुरस्कारांपैकी एक आहे. मानवी बोधनाचे गणिती आणि संगणकीय प्रारूप मांडणारे डेव्हिड रुमेलहार्ट यांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराची रक्कम एक लाख डॉलर असून, पहिला पुरस्कार 2001 मध्ये जेफ्री हिंटन यांना मिळाला, ज्यांना पुढे 2024 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. 2003 चे मानकरी अरविंद जोशी हे पुण्यात 1929 मध्ये जन्मलेले, पुणे विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतलेले आणि नंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्थिरावलेले संशोधक. वाक्यरचनेचे विश्लेषण करणारे त्यांचे वृक्ष-संयोजी व्याकरण संगणकीय भाषाविज्ञानात आजही वापरात आहे. अभियांत्रिकीतून भाषेकडे आणि भाषेतून मनाकडे गेलेल्या या माणसाचे उदाहरण येथे मुद्दाम दिले आहे, कारण मूळ पदवी मानसशास्त्राची नाही म्हणून या परिषदांकडे न फिरकणारे विद्यार्थी आपल्याकडे बरेच आहेत. रुमेलहार्ट पुरस्कार अर्थातच आयुष्यभराच्या कामासाठी असतो. विद्यार्थ्याने लक्ष ठेवावे ते त्याच संस्थेच्या दोन सन्मानांवर : परिषदेतील सर्वोत्तम विद्यार्थी-निबंधासाठी दिले जाणारे, दृष्टिसंवेदनेचे अभ्यासक डेव्हिड मार यांच्या नावाचे पारितोषिक, आणि पीएच.डी.च्या प्रबंधासाठी असलेले ग्लुश्को पारितोषिक. ग्लुश्को पारितोषिक वर्षाला पाच प्रबंधांपर्यंत दिले जाते आणि त्याची रक्कम प्रत्येकी दहा हजार डॉलर असते. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात धूळ खात पडण्याआधी एकदा या पारितोषिकाचे नियम वाचून घ्यावेत.

युरोपातील संस्थांविषयी थोडक्यात सांगता येईल. युरोपियन सोसायटी फॉर कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी ही 1985 मध्ये स्थापन झालेली संस्था विषम वर्षांत परिषद भरवते, तरुण संशोधकांसाठी बर्टेल्सन पुरस्कार देते आणि ‘जर्नल ऑफ कॉग्निशन’ हे सर्वांना मोफत वाचता येणारे नियतकालिक चालवते. ब्रिटनमध्ये एक्सपेरिमेंटल सायकॉलॉजी सोसायटी आहे. तिची बार्टलेट व्याख्याने विषयाचा इतिहास समजून घेऊ पाहणाऱ्याने चुकवू नयेत. जर्मनी, नेदरलँड्स किंवा ब्रिटनमध्ये पुढील शिक्षणासाठी गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांना या दोन्ही संस्था सोयीच्या पडतात. भारतात राहून काम करणाऱ्याने आपला मर्यादित पैसा आधी येथे खर्च करावा असे मात्र नाही.

भारतातील चित्र विखुरलेले आहे. नॅशनल अकॅडमी ऑफ सायकॉलॉजी ही 1989 मध्ये स्थापन झालेली संस्था संपूर्ण मानसशास्त्राची आहे. तिच्या वार्षिक परिषदेत बोधनिक विषयांची सत्रे असतात, परंतु शेजारच्या दालनात समुपदेशन आणि संघटन-मानसशास्त्र चाललेले असते, त्यामुळे प्रयोगाच्या बारकाव्यांवर प्रश्न विचारणारा श्रोता भेटेलच याची खात्री नसते. बोधविज्ञानाला वाहिलेली वार्षिक परिषद असोसिएशन फॉर कॉग्निटिव्ह सायन्स ही संस्था घेते, आणि पहिल्या सादरीकरणासाठी ती अधिक योग्य आहे. अलाहाबाद विद्यापीठातील 2002 मध्ये सुरू झालेले वर्तन व बोधविज्ञान केंद्र, आयआयटी कानपूर आणि आयआयटी गांधीनगर येथील अभ्यासक्रम ही या क्षेत्राची ठळक ठाणी आहेत. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 2008 मध्ये बोधविज्ञान संशोधनासाठी एक स्वतंत्र योजना सुरू केली. तिच्यातून संशोधन-प्रकल्प, पीएच.डी.नंतरच्या अधिछात्रवृत्त्या आणि प्रशिक्षणवर्ग यांना साहाय्य मिळत आले आहे. मुंबईत मानखुर्द येथे असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र विज्ञान आणि गणित शिकण्यामागील बोधन-प्रक्रियांवर काम करते आणि ‘एपिस्टीम’ ही परिषदमालिका चालवते, जिचे पहिले अधिवेशन 2004 मध्ये गोव्यात झाले. शाळकरी मुलांच्या आकलनावर काम करणाऱ्या मराठी संशोधकासाठी घराजवळची आणि दर्जाची कसोटी पाहणारी याहून चांगली जागा सांगता येणार नाही.

सदस्यत्वाकडे पावती फाडण्याचा सोपस्कार म्हणून पाहिले जाते, आणि वर्षभर त्याचा काहीही उपयोग केला नाही तर ते तसेच ठरते. बहुतेक संस्थांत विद्यार्थ्यांसाठी वर्गणी बरीच कमी असते. त्या वर्गणीत नियतकालिके वाचायला मिळणे, परिषदेच्या शुल्कात सवलत, प्रवासवृत्तीसाठी अर्ज करण्याचा हक्क आणि मतदानाचा किंवा समितीवर काम करण्याचा अधिकार यांपैकी काही ना काही असते. कोणत्या श्रेणीला काय मिळते हे वर्गणी भरण्याआधी पाहावे. ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात महागडी नियतकालिके येत नाहीत, तेथील शिक्षकाला केवळ वाचनाच्या हक्कासाठीही सदस्यत्व परवडते. परिषदेला जोडून होणाऱ्या लहान बैठका हा आणखी एक लाभ. सायकोनॉमिक सोसायटीच्या परिषदेच्या आदल्या दिवशी, अवधान आणि दृष्टिसंवेदनेवर काम करणाऱ्यांची ‘ओपॅम’ ही सभा भरते. ती पदव्युत्तर विद्यार्थी आणि तरुण संशोधकच चालवतात, त्यामुळे नवख्याला तेथे दडपण येत नाही. ज्यूडिथ क्रोल, रँडी मार्टिन आणि सुपर्णा राजाराम या तीन संशोधिकांनी 2001 मध्ये सुरू केलेला ‘विमेन इन कॉग्निटिव्ह सायन्स’ हा गट कारकीर्द, मुलाखती, मोबदला यांविषयी उघडपणे बोलतो. आपल्या विभागांत या गोष्टी सहसा कोणी मोकळेपणाने सांगत नाही.

आता गोषवाऱ्याकडे. सारे दरवाजे ज्या एका कागदावरून उघडतात त्यावर आपल्याकडे सर्वांत कमी मेहनत घेतली जाते. समजा, एखादी संशोधिका दुसरीच्या मुलांना मराठी संख्यावाचन का जड जाते याचा अभ्यास करते. मराठीत एकक आधी आणि दशक नंतर उच्चारले जाते : ‘बावन्न’ ऐकताना मुलाला दोन आधी ऐकू येतात आणि लिहायचे असतात पाच आधी, त्यामुळे 52 ऐवजी 25 लिहिले जाण्याची शक्यता राहते. ‘एकोणतीस’मध्ये तर तिसाचा उल्लेख असूनही दशकाच्या जागी दोनच लिहायचे असतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धती आल्यावर महाराष्ट्रात जो वाद झाला, त्यात या विषयावरील प्रायोगिक पुराव्याची उणीव जाणवत होती. विषय असा सकस असूनही गोषवारा बहुधा अशा धर्तीवर लिहिला जातो : गणित हा शिक्षणाचा पाया आहे, आधुनिक युगात त्याचे महत्त्व वाढले आहे, प्रस्तुत अभ्यासात संख्याज्ञानाचा परामर्श घेतला असून निष्कर्षांची चर्चा परिषदेत केली जाईल. परीक्षकाच्या हाती यातून काहीच लागत नाही.

तोच गोषवारा पहिल्याच वाक्यात प्रश्न मांडून सुरू व्हावा : एकक-दशकाचा उलटा क्रम आणि ‘एकोण’ची वजाबाकी यांपैकी लेखनातील चुकांना अधिक कारणीभूत काय ठरते? दुसऱ्या वाक्यात त्याचे सैद्धांतिक महत्त्व यावे. जर्मनमध्येही एकक आधी येते, पण ‘एकोण’सारखी रचना नाही, म्हणून जे दोन घटक वेगळे करून पाहणे तेथे शक्य नाही ते मराठीत शक्य होते. मराठीतील संशोधन परदेशी परीक्षकाला केवळ स्थानिक कुतूहल वाटू न देता त्याच्या स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर वाटेल, ते याच एका वाक्यामुळे. त्यानंतर मुले किती, कोणत्या माध्यमाची, त्यांना काय ऐकवले आणि काय लिहायला लावले हे सांगावे. मग मुख्य निष्कर्ष आकड्यांसह आणि शेवटी त्यावरून काढता येणारे, त्यापलीकडे न जाणारे विधान. निष्कर्ष हाती नसेल तर तसे स्पष्ट लिहावे किंवा पुढच्या वर्षाची वाट पाहावी. गोषवारा पाठवण्याआधी अन्य शाखेतील एखाद्या सहकाऱ्याकडून वाचून घेतल्यास संदिग्ध जागा चटकन दिसतात.

पोस्टर म्हणजे दुय्यम सादरीकरण, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. व्याख्यानाला पंधरा-वीस मिनिटे मिळतात आणि प्रश्नांना त्यातलीच दोन-तीन. पोस्टरसमोर मात्र दीड-दोन तास उभे राहायचे असते आणि तेवढ्या वेळात आपल्याच विषयावर काम करणारी चार-पाच माणसे नेमकी गाठ पडतात. पोस्टरवर मजकूर थोडा, आलेख मोठे आणि मुख्य निष्कर्ष दुरून वाचता येईल असा असावा. मराठी शब्दांची उदाहरणे देताना देवनागरीसोबत उच्चार आणि अर्थ दिल्यास परदेशी वाचक थांबतो, नाही तर कौतुकाने पाहून पुढे निघून जातो.

खर्चाचा प्रश्न टाळून कोणतेही मार्गदर्शन पुरे होणार नाही. विमानभाडे, नोंदणी, व्हिसा आणि निवास मिळून परदेशातील एका परिषदेचा खर्च अनेक संशोधक विद्यार्थ्यांच्या कित्येक महिन्यांच्या अधिछात्रवृत्तीइतका होतो. भारतातील प्रवासमदतीत एक अडचण मानसशास्त्राच्या वाट्याला विशेष येते. महाराष्ट्रातील बहुतेक विद्यापीठांत हा विषय मानव्यविद्येत मोडतो, पण बोधनिक प्रयोगांचे स्वरूप विज्ञानाचे असते, त्यामुळे अर्ज भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे करावा की विज्ञानाच्या योजनांकडे, हा घोळ होतो. विज्ञानाच्या अशा योजना चालवणाऱ्या पूर्वीच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची जबाबदारी आता 2023 च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे आहे. कामात प्रतिक्रियाकाल, नेत्रहालचाली किंवा मेंदूचे आलेख यांसारखे मापन असेल तर विज्ञानाच्या योजनांचा आणि शाळा, समाज, भाषा यांचा संदर्भ प्रधान असेल तर सामाजिक विज्ञान परिषदेचा विचार आधी करावा. दोन्हीकडे स्वीकृतिपत्राशिवाय अर्जाला अर्थ नसतो आणि निर्णयाला वेळ लागतो. म्हणूनच स्वीकृती येताच त्याच आठवड्यात आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागवून व्हिसाची वेळ घ्यावी. अमेरिकेच्या व्हिसासाठी मुलाखतीची वाट पाहता पाहता परिषद उलटून गेल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

पुरस्कारांपैकी बरेचसे नामांकनावर चालतात, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी नाव सुचवावे लागते आणि शिफारसपत्रे जोडावी लागतात. येथे मराठी विद्यार्थ्याची भीड आडवी येते. मार्गदर्शकाला ‘सर, माझे नाव सुचवाल का’ किंवा ‘मॅडम, पत्र द्याल का’ असे विचारणे म्हणजे आगाऊपणा, असे वाटून तो गप्प बसतो, आणि मार्गदर्शकाला मुदत ठाऊक नसते. परदेशी विभागांत अशी विचारणा रोजची आहे. ती करताना मुदतीच्या निदान महिनाभर आधी पुरस्काराचे निकष, आपला अद्ययावत परिचय, दोन-तीन मुख्य लेख आणि कोणत्या कामावर भर द्यावा याचे अर्धे पान सोबत द्यावे. पत्र लिहिणाऱ्याचे काम त्यामुळे हलके होते आणि पत्रात ‘विद्यार्थी मेहनती व नम्र आहे’ यापलीकडचे काही येते. प्रारंभिक कारकिर्दीच्या पुरस्कारांत पात्रता बहुधा पीएच.डी.नंतरच्या वर्षांवर मोजतात. बाळंतपण, आजारपण किंवा अन्य कारणाने पडलेला खंड त्यातून वगळण्याची तरतूद अनेक ठिकाणी असते, पण ती मागावी लागते.

याच्या उलट, जो पुरस्कार न मागता, पत्रव्यवहाराच्या पहिल्याच ओळीत ‘आपली निवड झाली आहे’ असे कळवतो आणि तिसऱ्या ओळीत शुल्क मागतो, तो घेऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत शोधनिबंधाच्या सादरीकरणाला परदेशातील आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी 7, देशातील आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी 5, राष्ट्रीयसाठी 3 आणि राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर 2 असे गुण दिले गेले, आणि दोन परदेशी वक्त्यांना पडद्यावर आणून परिषदेला ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणवून घेण्याचा उद्योग त्यामुळे फोफावला. पारख अवघड नाही. कार्यक्रमसमितीतील लोक या विषयात खरोखर लिहितात का, मागील वर्षांचे गोषवारे पाहायला मिळतात का, बोधनिक मानसशास्त्रासोबत स्थापत्य अभियांत्रिकी आणि वाणिज्यही त्याच छताखाली आहे का, आणि स्वीकृती दोन दिवसांत आली का, एवढे पाहिले तरी पुरते. गुण मिळतील, पण अशा सभेत प्रश्न विचारणारे कोणी भेटत नाही.

प्रवास न करता मिळणाऱ्या संधीही आता खऱ्या आहेत. 2017 मध्ये सुरू झालेले सायकॉलॉजिकल सायन्स ॲक्सेलरेटर हे जगभरातील प्रयोगशाळांचे जाळे एकच प्रयोग अनेक देशांत एकाच वेळी करते. त्यात सहभागी होणारी प्रयोगशाळा साहित्याचे भाषांतर, स्थानिक नीतिसमितीची परवानगी आणि विदा-संकलन यांचा वाटा उचलते आणि सहलेखकत्व मिळवते. कोल्हापूर किंवा नांदेडच्या महाविद्यालयातील शिक्षकालाही यात सामील होता येते, कारण महागड्या उपकरणांपेक्षा मराठी भाषक सहभागी आणि काटेकोर नोंदी यांची तेथे अधिक गरज असते. सहभागी होण्याआधी संस्थेत नीतिसमिती कार्यरत आहे ना, हे पाहावे. अनेक महाविद्यालयांत ती कागदावरच असते आणि परवानगीलाच सहा महिने जातात. पूर्वनोंदणी, म्हणजे विदा गोळा करण्याआधीच गृहीतक आणि विश्लेषणाची पद्धत सार्वजनिक ठिकाणी नोंदवून ठेवणे, ही सवय अशा सहकार्यातून आपोआप लागते, आणि अनेक नियतकालिके आता लेख तपासताना तिची दखल घेतात.

सदस्यत्वाचे नूतनीकरण हा अगदी क्षुल्लक वाटणारा, पण अर्ज बाद करणारा मुद्दा राहतो. अनेक संस्थांच्या प्रवासवृत्त्या आणि पुरस्कारांना अर्जाच्या दिवशी सदस्यत्व चालू असण्याची अट असते, आणि बहुतेक ठिकाणी वर्गणी वर्षाअखेरीस संपते, तर अर्जांच्या मुदती जानेवारी-फेब्रुवारीत येतात. डिसेंबरमध्ये वर्गणी भरून पावती अर्जाच्या कागदपत्रांतच ठेवावी.